टोपी केव्हा उतरते : कोल्हार ते नवगाव

नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालेली बहुतेक वाहने शिर्डीच्या ओढीने कोल्हार मागे टाकतात. प्रवरेच्या एका काठाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक आणि त्याला लागून भगवतीपूर, पलीकडच्या काठाला राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. भोवती ऊस. जवळच लोणी, जिथे १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या मुलखाचे रूप बदलले. इथे ज्यू वस्ती नाही. तरीही ज्यू पुरुषांनी डोके केव्हा झाकावे आणि केव्हा उघडे ठेवावे, या प्रश्नाचा माग काढत कोकणात उतरायचे असेल तर निघायला कोल्हार योग्य आहे, असे मला वाटते. कोकणातल्या बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाने शतकानुशतके ज्या मराठी रीतीच्या शेजारात आपली रीत सांभाळली, ती मराठी रीत इथे अजून उघड्यावर पाहता येते. भगवतीच्या देवळाकडे जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी असते. त्याच्या नातवाचे डोके एरवी उघडेच, पण लग्नाच्या वरातीत त्यालाही फेटा लागतो. या भागात कुस्त्यांच्या मैदानाला हगामा म्हणतात. त्या हगाम्यात पैलवान उघड्या डोक्याने उतरतो आणि जिंकल्यावर लोक त्याला फेटा बांधतात. एकच माणूस एका दिवसात डोके झाकतो, उघडतो, पुन्हा झाकतो, आणि यात विसंगती आहे असे कुणालाही वाटत नाही.

यामागे काहीतरी नियम असणार. मला तो असा दिसतो : डोके झाकायचे की नाही, हे अंगमेहनत किती यावर ठरत नाही, ती मेहनत कुणासमोर आणि कुणासाठी चालली आहे यावर ठरते. देवासमोर किंवा जमलेल्या समाजासमोर जे काही केले जाते, ते कितीही घाम काढणारे असो, झाकलेल्या डोक्याने होते. शरीराचे शरीराशी किंवा पाण्याशी चाललेले काम डोके उघडे ठेवून होते आणि त्यात कुणाचा अवमान होत नाही. कोल्हारच्या परिसरात हा भेद सहज दिसतो. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाताना नगर जिल्हा ओलांडते. त्या दिंडीत पावली खेळणारे, फुगडी घालणारे वारकरी ज्या ताकदीने उड्या घेतात ती ताकद तालमीतल्या जोराला लाजवणारी असते, पण टोपी डोक्यावरच राहते. घसरली तर हाताने सारखी करतात, काढून पिशवीत ठेवत नाहीत. शिर्डीची एक कथाही इथे आठवावी. साईबाबांची मोहिद्दीन तांबोळी नावाच्या माणसाशी कुस्ती झाली, बाबा हरले आणि त्यानंतर त्यांनी वेश बदलून कफनी घातली व डोक्याला फडके गुंडाळले, असे ‘श्रीसाईसच्चरिता’त सांगितले आहे. कथेचा ऐतिहासिक ताळा कुणी कसाही मांडो, ती सांगणाऱ्या समाजाच्या मनातला क्रम स्पष्ट आहे. कुस्तीपाशी एक आयुष्य संपते आणि डोक्याला बांधलेल्या फडक्यापासून दुसरे सुरू होते.

आता हाच नियम ज्यू परंपरेत तपासून पाहावा. तिथे पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की सामान्य ज्यू पुरुषाने डोके झाकावे अशी आज्ञा तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, कुठेही नाही. आज्ञा आहे ती याजकांना. निर्गम ग्रंथाच्या २८व्या अध्यायात अहरोन आणि त्याच्या मुलांसाठी जी वस्त्रे सांगितली आहेत त्यांत शिरोवस्त्र आहे, आणि त्याचा हेतू गौरव आणि शोभा असा दिला आहे. ही वस्त्रे सेवेच्या वेळची. जेरुसलेमच्या मंदिरातली सेवा म्हणजे शांत बसून केलेले ध्यान नव्हते. जनावरे आणणे, कापणे, लाकडे रचणे, राख उचलणे, वेदीवर चढणे-उतरणे असे ते दिवसभराचे कष्टाचे काम होते. ते सारे शिरोवस्त्र घालून व्हायचे. म्हणजे ज्यू धर्मात डोके झाकण्याचा सर्वांत जुना नियम जिथे सापडतो तिथेच तो कठोर शारीरिक श्रमाशी जोडलेला आहे. मात्र ते श्रम देवापुढचे आहेत.

पुढे तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथात हे झाकणे याजकांपलीकडे पसरलेले दिसते, पण तेही आज्ञा म्हणून नव्हे. राव हुना नावाचे एक विद्वान चार हातही उघड्या डोक्याने चालत नसत, कारण देवाचा वास आपल्या डोक्यावर आहे अशी त्यांची भावना होती. राव नहमान बार यित्झाक यांना त्यांच्या आईने लहानपणापासून डोके झाकायला लावले, ते देवाचे भय मनात राहावे म्हणून. हे काही माणसांचे स्वतःहून घेतलेले नेम आहेत; इतरांपेक्षा वेगळे होते म्हणूनच त्यांची नोंद झाली. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ हा आचारग्रंथ सिद्ध केला तेव्हा चार हातांची ती मर्यादा सर्वांसाठी लिहिली गेली. त्याच शतकात पोलंडमधले श्लोमो लुरिया मात्र, उघड्या डोक्याने देवाचे नाव घेण्याला मनाई असल्याचा आधार आपल्याला मिळत नाही, असे म्हणत होते, आणि तरीही लोकांची रूढी मोडू नये असेही सांगत होते. सतराव्या शतकात दावीद हालेवी सेगल यांनी नवे कारण पुढे आणले : भोवतालचे ख्रिस्ती लोक आदर दाखवण्यासाठी टोपी काढतात, म्हणून आपण ती काढणे हे परक्यांच्या रीतीचे अनुकरण ठरेल. हा वाद मला फार मोलाचा वाटतो. रूढी पक्की होत असतानाही तिचे जाणते तिला आज्ञा म्हणून खपवत नव्हते. ती माणसांनी वाढवलेली आहे हे कबूल करूनच तिचा मान राखत होते.

यातूनच श्रमाविषयीचा विवेक आला. न्हाणीघरात पवित्र शब्द उच्चारायचे नसतात, त्यामुळे तिथे डोके उघडे असण्याने काही बिघडत नाही. शुद्धीच्या कुंडात, मिकव्यात, बुडी मारताना तर अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीच असता कामा नये. तिथे टोपी घालणे हीच चूक होईल. पोहणाऱ्याचेही तसेच. विसाव्या शतकात अमेरिकेतले मान्यवर धर्मपंडित मोशे फाइनस्टाइन यांनी, टोपीमुळे रोजगार बुडणार असेल तर कामाच्या ठिकाणी उघड्या डोक्याने राहण्याची मुभा दिली. आता याच्या शेजारी सिम्हात तोराचा सण ठेवावा. वर्षभराचे तोरावाचन पूर्ण होते त्या दिवशी पुरुष तोराच्या जड गुंडाळ्या खांद्यावर घेऊन तासन्‌तास नाचतात. श्रमाच्या मापाने पाहिले तर हे नाचणे पोहण्याहून हलके नाही, आणि टोपी पडण्याची भीती इथे सर्वांत जास्त. तरी ती काढावी असे कुणाच्या मनात येत नाही. नियम सोयीतून आला असता तर नाचताना डोके उघडे राहिले असते आणि कचेरीतल्या खुर्चीत झाकलेले.

यावर कुणी म्हणेल की पुष्कळ ज्यू पुरुष खेळतानाही टोपी काढत नाहीत, मग हा भेद कुठे राहिला? आक्षेप खरा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शालेय क्रीडा संघटनेने बास्केटबॉल खेळताना डोक्यावर काही घालण्यास मनाई केली होती. सनातनी ज्यू शाळांतले खेळाडू केसांच्या पिनांनी किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी टोपी, अडकवून खेळत. ती पडली तर कुणाचा पाय घसरेल, ही संघटनेची भीती. १९८२ साली अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांच्यासमोर हे प्रकरण आले. न्यायालयाने मुद्दा वेगळ्याच जागी नेला. धर्म डोके झाकायला सांगतो, पिनेने अडकवलेली सैल टोपी घालायला सांगत नाही; तेव्हा घट्ट बसणारे शिरोवस्त्र सुचवा आणि ते सुरक्षित असेल तर संघटनेने ते मान्य करावे, असा त्या निकालाचा रोख होता. जागतिक बास्केटबॉल महासंघानेही २०१७ साली डोके झाकण्यावरची बंदी उठवली, तीही अशीच सुरक्षिततेच्या अटी घालून. या मुलांसाठी मैदान हे देवाच्या नजरेबाहेरचे ठिकाण नाही, म्हणून ते तिथे डोके झाकतात. त्यांनी आपल्या नेमाची कक्षा रुंद केली आहे. तत्त्व तेच आहे. आणि हीच मुले तलावात उतरताना टोपी काठावर ठेवतात. माझा नियम त्यांच्यामुळे मोडत नाही. ‘देवासमोर’ या शब्दाची व्याप्ती प्रत्येक समाज, कधी प्रत्येक माणूस, स्वतः ठरवतो, एवढे मात्र त्यांच्यामुळे मान्य करावे लागते.

कोल्हारहून नगरला आले की हे ठरवणे किती समाजागणिक असते ते एका शहरात दिसते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात ठाणे केले, आणि जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाज वाढला. प्रार्थनेत पुरुषाने डोके उघडे ठेवावे ही त्यांची रीत. तिचा आधार पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्याच गावात नमाजाला बसणारा मुसलमान टोपी घालतो आणि सत्यनारायणाला बसणारा यजमानही टोपी शोधतो. एकच हवा, एकच ऊन, एकच भाषा. तेव्हा टोपी म्हणजे मुळात उन्हापासूनचे संरक्षण, धर्म नंतर चिकटला, हे नेहमीचे उत्तर इथे अपुरे पडते. ऊन हे टोपीच्या जन्माचे कारण असेलही. पण गाभाऱ्याच्या सावलीत ती का राहते आणि रात्रीच्या वरातीत फेटा का लागतो, हे उन्हाने समजावता येत नाही.

पुण्यात हा प्रश्न दोन ज्यू प्रार्थनाघरांच्या रूपाने समोर येतो. कँपातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल दावीद, हे १८६७ सालचे; लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे, प्रथमदर्शनी चर्च वाटावे असे. ते बांधवले बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी, आणि त्यांची कबर त्याच आवारात आहे. रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायलांचे, विसाव्या शतकातले, पेठेच्या वस्तीत मिसळून गेलेले. ससून यांचे पुतळे आणि चित्रे पाहावीत : अरबी झगा आणि पागोटे. ते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही, मात्र त्यांच्या एका मुलाचे जुने चित्र युरोपी पोशाखातले आहे. बेने इस्रायल पुरुषांची एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे पाहिली तर पागोटे दिसते ते मराठी शेजाऱ्यांसारखे. म्हणजे एकाच धर्माचे लोक, एकाच शहरात, डोके झाकण्याबाबत एकमताचे आणि कशाने झाकायचे याबाबत आपापल्या मुलखाचे. आज दोन्ही ठिकाणी पाहुण्याने डोके झाकलेले असले की पुरते. टोपी नसेल तर हातरुमालही चालतो. कापडाला स्वतःची पवित्रता असती तर रुमाल चालला नसता.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त जड आहे. बेने इस्रायलांनी शेजाऱ्यांचे पागोटे घातले कारण सगळेच ते घालत होते. त्यात ज्यूपण कसले? या आक्षेपाला त्यांच्याच परंपरेतून बळ मिळते. अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पुढे कितीतरी पिढ्यांनंतर दावीद रहाबी नावाचे एक ज्यू आले आणि त्यांनी या तेल गाळणाऱ्या लोकांना ज्यू म्हणून ओळखले, ही त्यांची कुळकथा. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात, जो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला, ती मांडलेली आहे. ओळख पटली ती कशावरून? शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून तर त्यांना शनवार तेली हे नाव, ‘शमा’ ही प्रार्थना त्यांना येत होती, सुंता होती, खवले नसलेले मासे ते खात नसत. या यादीत टोपी कुठेच नाही. म्हणजे कोकणात डोके झाकणे ही ज्यूंची खूण नव्हतीच. कुणब्याचे, आगऱ्याचे, तेल्याचे, सर्वांचेच डोके झाकलेले असे.

हे सारे मान्य करूनही मला आक्षेपाचा शेवट पटत नाही. सगळे जण एक गोष्ट करत असतात तेव्हा कोण कशासाठी करतो हे बाहेरून कळत नाही. कळते ते पुढे, जेव्हा बहुसंख्य लोक ती सोडून देतात. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या शहरांतून पागोटी गेली, काळ्या टोप्या गेल्या, कचेरीत आणि रस्त्यावर उघडे डोके हेच सभ्यतेचे रूप झाले. त्या काळात बेने इस्रायल मुंबईत रेल्वेत, टपालखात्यात, गिरण्यांत, इस्पितळांत काम करत होते आणि शेजाऱ्यांप्रमाणेच कामावर उघड्या डोक्याने जात होते. पण सिनेगॉगमध्ये टोपी राहिली. मलिदा या विधीतही राहिली. पाणी ओसरल्यावर तळ दिसावा तसा इथे त्यांच्या रीतीचा गाभा उघडा पडला. कापड शेजाऱ्याचे होते हे खरे, पण ते कुठे ठेवायचे आणि कुठे सोडायचे हे त्यांनी आपल्या धर्माच्या अंगाने ठरवले. धोतर-पागोट्याच्या काळात दोन्ही अर्थ एकाच वस्त्रात राहत होते, एवढेच.

मलिदा हा त्याचा सर्वांत सुंदर पुरावा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वर फळे. ताट मध्ये, पुरुष डोके झाकून भोवती, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची स्तुती. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, सुटकेच्या आनंदात तो होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, तिथेही तो होतो. पोहे-गूळ-खोबरे कोकणाचे, शब्द हिब्रू, आणि टोपी दोघांची. लग्नातही असेच. वराच्या डोक्याला फुलांचा साज चढतो तेव्हा पाहणाऱ्याला मराठी मुंडावळ्या आठवतात, पण ज्यू ग्रंथांना वराचा मुकुट जुनाच ओळखीचा आहे. मिश्ना या जुन्या ग्रंथात नोंद आहे की रोमन सेनापती व्हेस्पेसियनच्या युद्धाच्या वेळी वरांचे मुकुट बंद करण्यात आले, शोक म्हणून. उत्सवात डोके सजवणे इतके स्वाभाविक होते की राष्ट्राचे दुःख दाखवायला तेच काढून घ्यावे लागले. केहिमकरांच्या पूर्वजांना ही मनाई ठाऊक असण्याचे कारण नव्हते; त्यांची ज्ञात परंपरा शमा, शनिवारचा शब्बाथ, सुंता अशा थोड्या गोष्टींपुरतीच उरली होती. कोकणातल्या फुलांनी त्यांनी नकळत एक जुनी गोष्ट चालू ठेवली, असे म्हणायला मी धजतो. हा माझा तर्क आहे, आणि त्याला कागदाचा आधार मागणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पेणवरून अलिबागला उतरले की इस्रायल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग लागते, आणि तिथून उत्तरेला नवगावचे दफनस्थान. एकेकाळी कुलाब्याच्या या पट्ट्यात गावोगाव बेने इस्रायलांची घरे होती. दिवेकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, केहिमकर ही आडनावे त्या गावांचीच. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज भारतात पाच हजारांच्या आत आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो योग्यच होता, फक्त फार उशिरा. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि तिथे त्यांच्यापुढे नवी अडचण आली. त्या देशात डोक्यावरचे कापड गटाची ओळख सांगते : विणलेली किप्पा धार्मिक राष्ट्रवाद्यांची, काळी मखमली कर्मठांची, उघडे डोके सेक्युलरांचे. कोकणातून आलेल्या माणसाला यांतले एकही नाव नेमके लागू होत नाही. तो शब्बाथ पाळतो, सिनेगॉगमध्ये टोपी घालतो, कारखान्यात काढतो; तिथले लोक त्याला अर्धवट धार्मिक समजतात. १९६०च्या दशकात तर त्याच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. लग्ने लावण्याआधी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान निघाले, आणि लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केल्यावर १९६४ साली ते मागे घेतले गेले.

मला या प्रकरणात बेने इस्रायलांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती केवळ मराठीपणाच्या मायेने नव्हे. उपासनेत झाकावे, श्रमात गरजेप्रमाणे उघडावे, उत्सवात पुन्हा झाकावे ही त्यांची रीत लुरियांसारख्या जाणत्यांच्या समजुतीच्या जवळची आहे. कायम डोके झाकणाऱ्यांची भक्ती खरी आहे, पण तिच्या मापाने दुसऱ्याची भक्ती अर्धी ठरवायला जुन्या ग्रंथांत आधार नाही. बायकांच्या डोक्यावरच्या पदराचा किंवा रुमालाचा प्रश्न मी इथे मुद्दाम घेतलेला नाही. त्याचा संबंध विवाहाशी आणि लज्जेच्या कल्पनेशी आहे, आणि त्यात बाईला किती निवड होती हे वेगळे तपासावे लागेल.

इस्रायलमधल्या मराठी ज्यू घरांत आज लग्नाच्या आधी मेंदीची रात्र होते. वराच्या तर्जनीला मेंदी लागते, गाणी होतात, आणि तरुण मुले हौसेने भारतीय वेश घालतात. छत्राखाली लग्न लागते तेव्हा डोक्यावर किप्पा असते. यातले एक खरे आणि दुसरे हौसेचे, असे तिथल्या काही कर्मठांना वाटते आणि इथल्या काही मराठी पाहुण्यांना नेमके उलट वाटते. कोल्हारच्या हगाम्यात फेटा बांधून घेणाऱ्या पैलवानाला हा वाद समजावून सांगितला तर, मेंदीच्या रात्री भाऊबंदांसमोर आणि लग्नाच्या दिवशी देवासमोर डोके झाकण्यात भांडण्यासारखे काय आहे, असे तो विचारील, आणि मला त्याच्या प्रश्नावर कर्मठांच्या बाजूने देता येईल असे उत्तर सापडलेले नाही.